मुख्य मेनूतील मानपान

ऑनलाइन दुकानाची थीम म्हणजे दुकानाचे दर्शनी रूप: रंग, अक्षरांचे वळण, चित्रांच्या जागा, पानांची मांडणी. मेनू म्हणजे गिऱ्हाइकाला माल सापडण्याची वाट. थीम तयार मिळते, मेनू मात्र दुकानदाराला स्वतः आखावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यात हे दुसरे काम सहसा थोरल्या काकांच्या अध्यक्षतेखाली, घरच्या बैठकीत पार पडते.

शॉपिफाय हा मंच 2006 मध्ये कॅनडातील ओटावा येथे सुरू झाला. संस्थापकांना मुळात बर्फावरून घसरण्याच्या फळ्या विकायच्या होत्या. त्यासाठी मनासारखी व्यवस्था मिळेना म्हणून त्यांनी ती घडवली, आणि फळ्या बाजूला राहिल्या. या मंचाची ‘डॉन’ ही थीम 2021 पासून फुकट मिळते. एक मोठे चित्र, मोजकी अक्षरे आणि भरपूर मोकळी जागा, असा तिचा थाट. कर्जतकडच्या शिपी आमटीचा मसाला विकणाऱ्याला ती मोकळी जागा बघवत नाही. मग तिथे सरकती चित्रे येतात. पहिल्यावर कुलदैवत, दुसऱ्यावर संस्थापक कैलासवासी आजोबा, तिसऱ्यावर माजी सभापतींच्या हस्ते झालेले उद्घाटन. मसाला चौथ्यावर असतो. तिथपर्यंत थांबणारे गिऱ्हाईक बहुधा नात्यातले निघते.

अक्षरांचा प्रश्न खरोखर तांत्रिक आहे. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनतात. शीर्षकातील अक्षरांमध्ये अंतर वाढवले की इंग्रजी शब्द ऐटदार दिसतो, देवनागरीची मात्र शिरोरेषा तुटते. ओळीची उंची कमी ठेवली तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार छाटले जाण्याची भीती असते, आणि ‘कुरडई’ची ‘करडई’ होऊन बसते. त्यावरही ऑर्डर येऊ शकते. उपाय साधा आहे: अंतर शून्य करावे, ओळीची उंची दीडपट ठेवावी आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेल्या मुक्ता किंवा बलूसारखा देवनागरी फाँट घ्यावा. थीमच्या यादीत तो नसेल तर सीएसएसच्या चार ओळींत जोडता येतो. तरीही तुटलेली शिरोरेषा ‘मॉडर्न लूक’ म्हणून तशीच ठेवणारे भेटतात.

शॉपिफायचा मुख्य मेनू सुरुवातीला होम, कॅटलॉग आणि कॉन्टॅक्ट एवढाच असतो. एकाखाली एक अशा तीन पायऱ्या त्याला चालतात, चौथी चालत नाही. तळाशी वेगळा मेनू असतो. बैठकीत या रचनेकडे लग्नपत्रिका म्हणून पाहिले जाते: कोणाचे नाव निमंत्रकांत, कोणाचे व्यवस्थापकांत आणि कोणाला किलबिलीत बसवायचे. मग मेनू तयार होतो: मुखपृष्ठ, आमचा वारसा, संस्थापकांचे मनोगत, सत्कार व पुरस्कार, शाखा, संपर्क, उत्पादने. ‘शाखा’खाली थोरली पाती, धाकटी पाती आणि चुलत्यांची गाळ्याची वाटणी उतरवली जाते. ती तिसऱ्या पायरीवर मावत नाही म्हणून शॉपिफायला दोष देतात.

नगर शहराच्या जुन्या बाजाराने ही चूक केली नाही. कापड बाजार, डाळ मंडई ही नावे मालावरून आहेत, मालकावरून नाहीत. पापड, कुरडई, सांडगे, शेवया शोधणाऱ्या पुण्याच्या सुनेला ‘उन्हाळी वाळवण’ एवढे दोन शब्द पुरतात. ‘आमचा वारसा’ उघडून ती शेवयांपर्यंत कधीच पोहोचणार नाही.

मेनूतले नाव आणि त्यामागचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव बदलले तरी पत्ता तोच राहतो. पत्ता बदलला आणि जुन्यावरून नव्याकडे वळवणी लावली नाही, तर गिऱ्हाईक ‘पान सापडत नाही’ असे सांगणाऱ्या 404 वर येऊन थडकते. 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले तेव्हा 414001 हा पिनकोड तसाच राहिला, त्यामुळे पार्सले अडली नाहीत. दुकानांत मात्र वरच्या पट्टीत नवे नाव, संपर्काच्या पानावर जुने आणि परताव्याच्या अटींत नुसते ‘नगर’ असा त्रिवेणी संगम दिसतो, कारण या तिन्ही जागा वेगवेगळ्या बदलाव्या लागतात आणि बैठक पहिल्या पट्टीलाच संपलेली असते.

मोबाइलवर हा सगळा मेनू तीन आडव्या रेघांमागे जातो. 1981 च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी ही खूण काढली होती. ज्या क्रमासाठी दोन भाऊ आठवडाभर बोलत नव्हते, तो क्रम गिऱ्हाइकाने त्या रेघांवर बोट ठेवल्याशिवाय दिसतच नाही. शोधाची खिडकी मात्र उघडी ठेवता येते. तिच्यात मराठी आणि रोमन दोन्ही लिपींतली नावे सापडावीत, म्हणून मालाच्या वर्णनात ‘शेवया’ हे नाव दोन्ही लिपींत लिहावे लागते. हे काम कंटाळवाणे असून त्यात कोणाचा सत्कार होत नाही, त्यामुळे ते राहून जाते.

शेवटची पायरी दुकान उघडण्याची. याच जिल्ह्यातील शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची प्रथा आहे; 2011 मध्ये यूको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखाही काढली. शॉपिफायचे नवे दुकान मात्र पासवर्डच्या पानामागे बंद असते. योजना घेऊन तो पासवर्ड मालकाने काढला नाही, तर नारळ फुटला, फीत कापली, पेढे वाटले तरी आत कोणी येऊ शकत नाही. पासवर्ड बहुधा पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याकडे असतो, आणि पत्रिकेत त्याचे नाव किलबिलीत गेलेले असते.