काहीही चालेल

पाहुणा पायरीवर चपला काढत असतानाच आतून प्रश्न जातो, "चहा मांडू की कॉफी?" आणि पायरीवरूनच उत्तर येतं, "काईबी चालते जी." आमच्या वऱ्हाडातलं अर्धं आदरातिथ्य या दोन वाक्यांवर चालतं. त्यातलं दुसरं धादांत खोटं असतं. कप हातात आला की पाहुणा हळूच विचारतो, "आलं टाकलं काय?" टाकलेलं असलं तर त्याला पित्त असतं आणि नसलं तर सर्दी असते. साखर घातलेली असली तर डॉक्टरांनी सोडायला सांगितलेली असते, बिनसाखरेचा दिला तर म्हणतो, "एवढंही काही नाही, एखादा चमचा चालते."

चिखलदऱ्यात या प्रश्नाला आणखी एक पेच आहे. महाराष्ट्रात कॉफीचं झाड म्हटलं की सातपुड्यातल्या आमच्या या गावाचं नाव निघतं. अकराशे मीटरच्या आसपासची उंची, चार महिने पाऊस आणि धुकं, मोठ्या झाडांची सावली, असं कॉफीला लागतं ते सगळं इथे आहे. १८२३ साली हैदराबाद पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा हेरली असं सांगतात. कॉफीही साहेबांच्याच काळात आली. साहेब गेले, झाडं राहिली. पंचबोल पॉइंटकडे गेलात तर ती आजही दिसतात.

एवढं असून गावात कुणाच्याही घरी जा, चुलीवर चहाच असतो. आसामातली पत्ती निम्मा देश ओलांडून, परतवाड्याहून घाट चढून आमच्या डब्यात येते. आणि डोंगरावरची कॉफी पुड्यांत बसून पर्यटकांबरोबर घाट उतरते. "इथलीच आहे ना?" असं चारदा विचारून माणसं ती घेतात. देणारा "शंभर टक्के" म्हणतो आणि बाजूला ठेवलेला आपला चहा निवायच्या आत संपवतो.

कॉफी घरी भाजण्याचं काम मी हौसेने करते. हिवाळ्यात फळं लाल होतात. ती वाळवून, कुटून, पाखडली की आत हिरवट राखाडी बिया मिळतात. त्यांना कॉफीचा वास औषधालाही नसतो. लोखंडी कढईत मंद आचेवर त्या हलवत बसायचं. आधी त्या पिवळ्या पडतात आणि वाळल्या गवताचा वास येतो. मग तांबूस होतात, वरचं पातळ साल सुटून घरभर उडतं, आणि पुढे लाह्यांसारखी तडतड सुरू होते. इथून पुढे कढईवरून नजर हलवायची नाही, कारण बदामी आणि काळा यांच्यात फार वेळ नसतो. घरात निळा धूर होतो, शेजारच्या काकू "काय जळून राह्यलं वो?" म्हणून डोकावतात आणि किलोभर बियांचे आठशे-साडेआठशे ग्रॅम उरतात. त्या दळून केलेली पूड पावसाळ्यात उघडी राहिली तर बाटलीतच तिची ढेप होते, तेव्हा लागेल तेवढीच भाजून दळलेली बरी.

एवढ्या कष्टाने काढलेल्या सुगंधाचं पुढे आम्ही काय करतो? दाक्षिणात्य माणूस फिल्टरमध्ये थेंब थेंब डिकॉक्शन उतरवतो आणि वरून दूध घालतो. आम्ही पूड सरळ दुधात टाकतो, साखर घालतो, साय धरेपर्यंत उकळतो आणि वर जायफळ उगाळतो. मराठी घरातली कॉफी ही अशी एकादशीची, पाहुण्याची, आजारातून उठलेल्या माणसाची. झोप उडवणारी कॉफी आणि झोप आणणारं जायफळ एकाच कपात घालायचं आणि पुढचं त्यांचं त्यांनी मिटवून घ्यायचं, हा आमचा खाक्या. मला ती आवडते. कॉफीच्या जाणकारासमोर मात्र मी हे बोलत नाही.

चहाच्या बाबतीत जगाने फारच गंभीरपणा दाखवला आहे. चहा कसा करावा याचं ब्रिटनच्या मानक संस्थेने सहा पानी नियमपत्रकच काढलं. त्यावर १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तबही झालं. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, वर उकळतं पाणी, सहा मिनिटं झाकण. १९९९ साली या सहा पानांना इग नोबेल मिळालं, तेही साहित्याचं. पण चहा फक्कड होईल असा त्या नियमांचा दावाच नाही. दोन चहांची चव तुलनेला घ्यायची तर दोन्ही एकाच रीतीने झालेले असावेत, एवढंच त्यांना हवं आहे.

तो कागद घेऊन कुणी चिखलदऱ्याला आला, तर पहिली अडचण आधणाचीच. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून अमरावतीला ९९ अंशांच्या आसपास उकळणारं पाणी इथे ९६ लाच खदखदायला लागतं. आधण दिसायला तेवढंच जोरदार, पण अंगात तीन अंशांचा रेटा कमी. म्हणूनच की काय, आमच्याकडे चहा मुरवत नाहीत, उकळतात. दोन उकळ्या, गंज खाली, पुन्हा वर, आणखी एक उकळी. साहेब हे पाहून हाय खाईल, पण आपली बारीक दाणेदार पत्ती या छळाला पुरून उरते.

बाकीचं शास्त्र सासूबाईंच्या हातात आहे. आलं आधी पाण्यात उकळायचं आणि दूध नंतर. उलटं केलं की दूध नासतं. कच्च्या आल्यातलं एक पाचक द्रव्य दुधातलं प्रथिन तोडतं आणि उकळीने ते निकामी होतं, हे मी पुस्तकात वाचलं. त्यांनी न वाचताच मला दटावलं होतं. गूळ घालायचा तर गंज उतरवल्यावर. पत्तीचा अंदाज दुधावरून. आमच्याकडे गवळ्यांच्या म्हशींचं दूध. त्याचा खवा आणि रबडी घ्यायला लोक लांबून घाट चढून येतात. असलं दाट दूध पत्तीचा तुरटपणा गिळून टाकतं, म्हणून एक चिमूट जास्त. त्यात गवती चहाची दोन पाती, आणि धुकं खिडकीतून आत यायला लागलं की सुंठ. चहाबद्दल प्रतिकूल मत असलेले गांधीजी आमच्या विदर्भातच, सेवाग्रामला राहिले. विदर्भाने त्यांचं बरंच ऐकलं, एवढं एक सोडून.

तर पद्धती अशा. आवडीचं प्रकरण निराळं आहे. आमच्या घरात आवडी पुरुषांना आहेत. यांना चहा कडक लागतो, कपाला तडा गेलेला चालत नाही आणि साय दिसली की कप परत येतो. मुलाला कॉफी लागते, तीही फेसाची. बशीत पूड-साखर घोटून दिलेली. दीर आले की अर्धा कप सांगतात आणि दोनदा घेतात. पुरुषांच्या आवडींची अशी यादी होते आणि बायकांच्या वाट्याला हातखंडा येतो. करणारीला कसा आवडतो हे कुणी विचारत नाही, कारण ती शेवटी गाळणी दाबून निघेल तो घेते. सासूबाईंना मी मात्र लग्न झाल्यापासून विचारत आले. उत्तर ठरलेलं, "काईबी चालते मले." मला वाटायचं, जगात हे वाक्य खरं बोलणारी ही एकच बाई.

मग हे निवृत्त झाले आणि सकाळचा चहा आपण करणार असं त्यांनी जाहीर केलं. पहिल्याच दिवशी कप समोर आला आणि सासूबाईंनी एक घोट घेऊन तो खाली ठेवला. "दूध लय झालं. मले कोराच्या जवळचा लागते. साखर दोन चमचे. अन् कपात नाई, गिलासात देजो. अन् आलं ठेचत जाय बाबू, किसू नोको, किसल्यावर कडू लागते." हे गाळणी हातात धरून उभेच. आयुष्यभर साठवलेली यादी होती ती. करणारा बदलेपर्यंत सांगायचं कुणाला, एवढाच प्रश्न होता.

आता मला पाहुण्यांच्या त्या खोट्या उत्तराचा राग येत नाही. दुसऱ्याच्या चुलीवर आपली आवड लादायची नाही, एवढी त्यात सभ्यता आहे. राग आला तर ज्यांची यादी घरातल्या घरात ऐटीत चालते त्यांचा येतो. करणाऱ्याला न विचारण्याची रीत तशी जुनीच. महाभारतातला भीम बघा. कीचकाला लोळवून त्याने इथल्या भीमकुंडात हात धुतले अशी आमच्या गावची कथा आहे. त्या वेळी तो विराटाघरी आचारी होता. एवढी दमवणूक झाल्यावर त्याला काय प्यावंसं वाटलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आचाऱ्याला कोण विचारतो?

म्हणून आमच्या स्वयंपाकघरात सध्या एक नियम आहे. कडक, फिका, फेसाचा, जायफळाचा, ज्याला जसा हवा तसा मिळेल. फक्त मागणी ओट्याशी उभं राहून नोंदवायची. गाळणी कुठे टांगलेली असते, ते मी दाखवीन.