पंपाची लाज, व्हेपचा रुबाब

वरसाव्याला फाउंटन हॉटेलपाशी रिक्षा अडकली की ओढणी आपोआप नाकावर जाते. घोडबंदर रस्ता इथेच महामार्गाला मिळतो, गुजरातकडे निघालेले कंटेनर इथूनच वसईची खाडी ओलांडतात. 2023 मध्ये नवा पूल झाला, तरी डिझेलचा धूर आहेच. दमेकरी पोराला हा धूर रोज टाळता येत नाही.

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, टाळता येतो. पण त्या पोराच्या दप्तरात बघा: दम्याचा पंप तळाशी, रुमालात गुंडाळलेला, व्हेप मात्र मित्रांत हातोहात फिरतो. हे आपणच करून ठेवलंय. "चारचौघांत पंप काढू नकोस." "पंपाची सवय लागते." मुलगी असेल तर लग्नाची भीती! अहो, रोजच्या पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ते थेट श्वासनलिकेत जातं, सूज उतरवतं. त्याचं व्यसन लागत नाही. व्यसन लागतं निकोटिनचं, आणि बहुतेक व्हेपमध्ये ते असतं.

"वाफच तर आहे," मुलं म्हणतात. नाही रे बाळांनो. वाफ आजी देते, पातेल्यावर टॉवेल धरून. (दम्यात तीही प्रत्येकाला सोसत नाही.) व्हेपमध्ये पाणी उकळत नसतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि आंब्या-पुदिन्याच्या स्वादाची रसायनं तारेवर तापतात, त्यांचे अतिसूक्ष्म थेंब छातीत उतरतात. आधीच सुजलेली नळी त्यांनी चिडते, आवळते. मग रात्री खोकला, शिट्टीसारखा आवाज.

सप्टेंबर 2019 मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्याला देशभर बंदी. पहिल्यांदा विकताना सापडला तर एक वर्षापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही ती नववीतल्या पोराच्या हाती पडत असेल, तर कुणीतरी मोठ्या माणसानेच ती विकलेली असते. त्याला पकडा.

पोराला झोडपू नका. झोडपलंत की तो डॉक्टरांपुढेही तोंड उघडणार नाही, आणि खरं कारण न कळल्याने डॉक्टर औषधच वाढवत राहतील. पुढच्या तपासणीला आईबाबांनी पाच मिनिटं बाहेरच्या बाकावर बसावं, पोराला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावं. बाहेर आल्यावर "काय सांगितलंस?" असं विचारू नये.