गडग्यापलीकडचा समुद्र

"अगो, तुझा मुलगा रोज सकाळी पिशवी घेऊन कुठे जातो?"

"पोहायच्या क्लासला, माई. तलावावर."

"रत्नागिरीत राहून पोहायला फी भरतेस? आम्हाला भावाने असोल्या नारळांची जोडी बांधून पांढऱ्या समुद्रात सोडलं होतं. चार घोट खारं पाणी पोटात गेलं, आलं पोहायला."

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथे दगडच बघतेय. खरंच वाळू होती?"

"होती म्हणजे! भगवती किल्ल्याच्या एका अंगाला मांडवीची काळी वाळू, लोहचुंबक फिरवलंस तर कण चिकटतील अशी. दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडे पांढरी. बाळंतपणाला आलेल्या माहेरवाशिणी संध्याकाळी तिथे बसायच्या. निम्म्या आळीच्या सोयरिकी त्या वाळूत ठरल्या."

"तुमचीसुद्धा?"

"गप्प बस. हे ओसरीवर आहेत, ऐकतील."

"पण मग वाळू गेली कुठे?"

"दहा जणांना विचार, अकरा उत्तरं मिळतील. कुणी मिरकरवाडा बंदराच्या भिंतींना बोल लावतो, कुणी नशिबाला. मला एवढं दिसतं, की लाट बंधाऱ्यावर आपटते आणि माघारी जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. पाया उघडा पडला की बंधारा खचतो. मग आणखी दगड आणा. दर पावसाळ्यात मिऱ्यावाल्यांच्या दारात पाणी, की पुढारी हजर, छत्री धरणाऱ्यासकट."

"आणि ते जहाज?"

"बसरा स्टार! 2020 च्या जूनमध्ये, निसर्ग वादळात आलं आणि बंधाऱ्याला टेकून बसलं ते कित्येक वर्षं. खलाशी वाचले म्हणा, ते महत्त्वाचं. पण अख्खं गाव बघायला लोटलं; आमचे हे दोनदा गेले. वाळू जात होती तेव्हा एक माणूस फिरकला नाही, आणि जहाज म्हटल्यावर पोरंटोरं कडेवर घेऊन फोटो!"

"माई, तुम्ही गेला होतात की नाही?"

"एकदाच. यांच्याबरोबर."

"बरं, आता पोराला समुद्रात न्यायचं तर कुठे न्यायचं?"

"भाट्याला. सुरूच्या बनाकडे उतरायचं, काजळीच्या मुखाकडे अजिबात नाही, तिथे ओढ फार. आणि वेळ बघून. तिथीची पाऊणपट केलीस की पुरत्या भरतीचा तास येतो. रविवारी काय आहे?"

"कालनिर्णय बघते... षष्ठी."

"सहाची पाऊणपट, साडेचार. तीनला निघायचं, चढत्या पाण्यात पोरगं किनाऱ्याकडेच ढकललं जातं. भरती पुरी झाली की बाहेर. नारळ मी देते. असोले आहेत माळ्यावर."

"तुम्ही पण येताय?"

"मग? तुला कुठे येतंय पोहायला! आणि यांना सांगू नकोस, नाहीतर बरोबर येतील आणि सगळ्यांना जहाजाची गोष्ट सांगत बसतील."