लाइन बंद आहे

चाकणला एक बोल्ट वेळेवर आला नाही तर असेंब्ली लाइन थांबते आणि साहेब लोकांची मीटिंग बसते. त्याच साहेबांच्या मोशीतल्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांच्या चिरंजीवांची लाइन चार दिवस बंद असते. तिथे मीटिंग नाही, गावाहून आजीचा व्हिडिओ कॉल येतो, "एरंडेल दिलंस का रे?"

कच्चा माल मात्र कुणी तपासत नाही. सकाळी बाटलीभर दूध, अकराला बिस्किटं, दुपारी नूडल्स आणि रात्री 'जेवतच नाही हो' म्हणून पुन्हा दूध. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध प्यायल्यावर पोर भाकरी-भाजी खाईल कुठून? आणि दुधात तंतू शून्य. वयात पाच मिळवा, तेवढे ग्रॅम तंतू रोज, हा डॉक्टरांचा जुना हिशेब. म्हणजे इथे 8. पुड्यावर गव्हाची लोंबी छापली म्हणून तो भरत नाही. दुधात घालायच्या डब्यावरच्या नावाचंही तेच. एप्रिल 2024 मध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या सदरातून काढायला लावली. सदर गेलं, डबा ओट्यावरच आहे.

डॉक्टर पपई, पालेभाजी, पाणी आणि एक पातळ औषध सांगतात. औषध त्याच संध्याकाळी येतं.