गोडमिट्ट

आमच्या मावशीकडे गोडाच्या चार पायऱ्या होत्या. गोडसर, गोड, गोडमिट्ट आणि गुळचट. पहिल्या तीन पदार्थांसाठी, चौथी माणसांसाठी. ‘गुळचट आहे मेली’ एवढं ती म्हणाली की त्या बाईचा निकाल लागला.

मारी लोरांसँची चित्रं मी पहिल्यांदा एका जाड पुस्तकात पाहिली, तेव्हा माझ्या तोंडून मावशीच बोलली. फिकट गुलाबी, निळसर, कबुतरी राखाडी. रिबिनी, मोत्यांच्या माळा, पंखे, कुत्री, हरणं, आणि या सगळ्यात दुधात भिजत घातल्यासारख्या गोऱ्या तरुणी. चार पानं उलटली आणि मी उठून घोटभर पाणी प्यायले.

ही बाई १८८३ मध्ये पॅरिसमध्ये जन्मली. आधी चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रं काढायला शिकली. नंतर चित्रशाळेत चित्रकार ब्राक भेटला आणि ती पिकासोच्या कंपूत पोचली. पिकासो तेव्हा, म्हणजे १९०७ च्या सुमाराला, बायकांचे चेहरे कोयत्यानं तासत होता. लोरांसँनं सगळं पाहिलं, ऐकलं आणि आपल्या गुलाबी रंगाची डबी उघडली. तिनंही चेहऱ्यातून काहीतरी काढून टाकलंच: नाक. तिच्या कितीतरी बायकांना नाक जवळजवळ नाहीच. नुसते काळे डोळे आणि इवलीशी जिवणी. लोक आपल्या कामाला नाक मुरडणार, हे ठाऊक असल्यामुळे तिनं चित्रापुरती तरी ती सोय ठेवली नसावी.

समीक्षकांनी तिला ‘बायकी’ ठरवलं. कौतुकानंच, पण लहान मुलीच्या डोक्यावर टपली मारावी तसं. तिनं ते बिरुद नाकारलं नाही. उलट आणखी दोन चमचे साखर घातली.

मग ती चित्रं मी पुन्हा चाळली आणि लक्षात आलं, इथे पुरुष जवळजवळ नाहीतच. सुरुवातीला काढलेले कवी अपोलिनेर आणि मित्रमंडळी सोडली, तर पानांमागून पानं बायकाच. एकमेकींच्या गळ्यात हात टाकून, गालाला गाल लावून. लोरांसँचं येणंजाणं होतं पॅरिसमधल्या नॅटली बार्नीच्या शुक्रवारच्या बैठकीत, जिथे बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका उघडपणे जमत. निकोल ग्रूल्त या पोशाख शिवणाऱ्या बाईशी तिचं प्रेमाचं नातं होतं. ही चित्रं मात्र भल्याभल्यांच्या दिवाणखान्यांत लागली. ‘किती गोड मुली!’ म्हणत पाहुण्यांनी त्यांच्यासमोर कॉफी घेतली असेल.

मराठीत ‘मिट्ट’ हा शब्द दोनच ठिकाणी शोभतो: गोडाला आणि काळोखाला. त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. दोन्हींत काही दिसत नाही.

१९२४ च्या ‘ले बिश’ या बॅलेचे पडदे आणि पोशाख तिचे. बिश म्हणजे हरिणी. संगीत पूलांकचं, नृत्यरचना निजिन्स्काची. त्यात राखाडी कपड्यांतल्या दोन मुलींचा एक नाच आहे, एकमेकींना बिलगलेला. आपल्या कवींनीही पिढ्यान्‌पिढ्या मृगनयना गायल्या, पण त्या नेहमी शिकाऱ्याच्या बाजूनं पाहिलेल्या. लोरांसँची हरिणी दुसऱ्या हरिणीकडे बघते. शिकारी आपला प्रेक्षागृहात, तिकीट काढून.

हा गोडवा सगळ्यांना मानवला असं नाही. १९२३ मध्ये कोको शानेलनं तिच्याकडून स्वतःचं चित्र करून घेतलं. मांडीवर पांढरं कुत्रं, वरून उतरणारा पारवा, मान कलती, नजर स्वप्नाळू. ‘ही मी नव्हेच,’ असं म्हणून शानेलनं ते घेतलं नाही, दुसरं मागितलं. लोरांसँनं दुसरं काढलं नाही. एवढी मऊ बाई, पण ब्रशभर हटली नाही! आज ते चित्र पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात आहे.

तिचं खास संग्रहालय निघालं ते जपानमध्ये, १९८३ साली. आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बार्न्स फाउंडेशननं २०२३ मध्ये तिचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा शीर्षकातच ‘सॅफिक पॅरिस’, म्हणजे बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचं पॅरिस, असं घातलं. मिट्टात दिवा लावायला इतकी वर्षं लागली.

मावशीला आता मी सांगितलं असतं की गुळचट वेगळं आणि गोडमिट्ट वेगळं. गुळचट दुसऱ्याला खूश करायला असतं. गोडमिट्ट आपल्या जिभेसाठी. लोरांसँनं पाक स्वतःच्या तारेवर उतरवला, ज्याला झेपेल त्यानं खावा.

शेवटची कित्येक वर्षं तिच्या घरात सुझान मोरो होती. आली कामाला, राहिली सोबतीला. १९५४ मध्ये लोरांसँनं तिला कायद्यानं दत्तक घेतलं. त्या सोबतीला कागदावर ‘मुलगी’ हा शब्द मिळाला.

१९५६ मध्ये लोरांसँ गेली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला पांढऱ्या पोशाखात पुरलं, हातात गुलाब आणि जवळ अपोलिनेरची जुनी प्रेमपत्रं. साखर तिनं तिथेही कमी केली नाही.