चालू कंडिशन

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला ‘काय, गाडी कशी आहे?’ असं सहज म्हणूनसुद्धा विचारू नये. नव्या गाडीचा मालक ‘मस्त’ म्हणतो आणि लिफ्टमध्ये शिरतो. जुन्या गाडीचा मालक आधी गाडीकडे बघतो, मग गाडीखाली बघतो आणि मग हातातली दुधाची पिशवी बोनेटवर ठेवतो. पिशवी बोनेटवर टेकली की समजावं, आपली बस गेली.

आमच्या सोसायटीतले अण्णा या जमातीतले बुजुर्ग. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी फंडाचे पैसे शहाण्या माणसासारखे मुदत ठेवीत टाकले आणि पहिल्या वर्षाच्या व्याजातून १९९८ सालची मारुती झेन आणली. पंचेचाळीस हजारांना. ‘एवढ्यात हल्ली धड स्कूटर येत नाही,’ हे वाक्य ते कोणालाही, कोणी न विचारता ऐकवतात. घेतल्यानंतर तिच्यावर किती गेले, हे विचारलं की मात्र त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं.

हिशोबाची वही आहे. बँकेतला माणूस, वही असणारच. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठून आणलं, किती पडले, सगळे रकाने पट्टीने आखलेले. त्या वहीत नाही ती फक्त बेरीज. दिवसअखेर पैचा मेळ लागल्याशिवाय ज्यांनी कधी खुर्ची सोडली नाही, ते अण्णा या वहीत पानाच्या तळाशी आले की गुपचूप पान उलटतात.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत दोन वर्ग आहेत आणि त्यांचा आपसात रोटीव्यवहार नाही. एक वर्ग व्हिंटेजवाल्यांचा. त्यांच्या गाड्यांना ड्रायव्हर असतो, ड्रायव्हरला टोपी असते, आणि गाडी रॅलीला निघते तेव्हा तिच्यामागून तिला ओढून आणायला दुसरी गाडी निघते. दुसरा वर्ग अण्णांचा. यांच्या गाड्या जुन्या असतात, पण पुरेशा जुन्या नसतात. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांची झाली की व्हिंटेज. म्हणजे सरकारच्या लेखी पंधरा वर्षांपर्यंत ती गाडी, पन्नासनंतर ती वारसा आणि मधली पस्तीस वर्षं नुसती कटकट. अण्णांनी हिशोब करून ठेवलाय. त्यांची झेन २०४८ साली व्हिंटेज होईल, तेव्हा ते स्वतः पंच्याऐंशीचे असतील. ‘दोघांचं एकदमच करू,’ असं म्हणतात. काय करू, ते सांगत नाहीत.

या दुसऱ्या वर्गाची सभा रविवारी सकाळी खडकवासल्याला भरते. चौपाटीवर गर्दी व्हायच्या आत. तिथे गाड्या एका ओळीत लागतात, बोनेटं उघडतात आणि धरणाकडे पाठ करून माणसं इंजिनांकडे बघत उभी राहतात. मीही एकदा अण्णांबरोबर गेलो होतो. चहा येईपर्यंत मला तिथली श्रेणी समजली. ज्याच्या गाडीची कंपनी देशात अजून धंदा करते, तो तिथे सगळ्यात खाली. म्हणजे मारुतीवाले. सुटे भाग मिळतात, गल्लीतला मेकॅनिकही हात लावतो, यात पुरुषार्थ तो काय? त्यांच्या वर प्रीमियर पद्मिनी. ती बनवणारा कुर्ल्याचा कारखाना केव्हाच थांबला, तरी तिला सगळे फियाटच म्हणतात. त्याहून वर फोर्डवाले आणि शेवरोलेवाले, कारण त्यांच्या कंपन्या हल्लीहल्ली सोडून गेल्या, दुःख ताजं आहे. ओपेलवाल्याला खुर्ची मिळते. आणि सिएलोवाला आला की सगळे उठून उभे राहतात. देवू तर देवाघरीच गेली. त्या गृहस्थांना हेडलाइटची काच हवी असली तर तिचं स्थळ शोधावं लागतं, आणि ते म्हणे कधी कोइम्बतूरला निघतं, कधी लुधियान्याला.

यांच्यात वेगाच्या गप्पा नसतात. कोणाची गाडी किती पळते हे मी एकदाही ऐकलं नाही. कोणाची कुठे बंद पडली, हे मात्र गावाच्या नावासकट, किलोमीटरच्या दगडासकट ऐकलं. ‘वरंधात फॅन बेल्ट गेला’ असं एकाने म्हटलं की दुसरा म्हणतो, ‘माझा ताम्हिणीत, पावसात.’ पाऊस आला की पहिला गप्प. एक डॉक्टर आहेत, त्यांची एस्टीम आहे. ते बापडे कायम निश्चिंत. एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन जिप्सी किंगमध्येही होतं, आणि जिप्सी लष्कराने वर्षानुवर्षं वापरली. ‘देशाला सैन्य आहे तोवर मला पार्टची काळजी नाही,’ डॉक्टर म्हणतात. पॅलिओवाला पोरगा सॉफ्टवेअरमधला. त्याची १.६ लिटरची. सचिन तेंडुलकर जाहिरातीत होता तेव्हा हा पोरगा तिसरीत होता; तेव्हाच त्याने ही गाडी घ्यायचं ठरवलं आणि नोकरी लागल्यावर घेतली. आता त्याचा अर्धा पगार पेट्रोलमध्ये जातो, अर्धा सस्पेन्शनमध्ये. आई त्याच्यासाठी स्थळं बघते आहे, तो क्लचची केबल बघतो आहे.

त्या दिवशी कोणीतरी हौसेने आपली नवीकोरी एसयूव्ही घेऊन आला होता. मंडळी सभ्य आहेत, त्यांनी त्यालाही बोनेट उघडायला लावलं. आत बघतात तर काळं प्लास्टिकचं झाकण. इंजिन कुठेच दिसेना. अण्णांनी झाकणावर टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, ‘छान आहे.’ एवढं वाईट ते कुठल्याही गाडीबद्दल बोललेले मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मला वाटतं, सगळी मेख त्या झाकणातच आहे. नव्या गाडीत दिवा लागतो, मालक फोन करतो, माणूस येतो, लॅपटॉप जोडतो आणि बिल देतो. मालकाने यात करायचं काय, तर हप्ता भरायचा. अण्णांच्या कार्बोरेटरवाल्या झेनमध्ये दिवे लागत नाहीत. तिथे वास येतो, आवाज येतो, स्टिअरिंग हाताला काहीतरी सांगतं. पस्तीस वर्षं दुसऱ्याने काढलेल्या परिपत्रकांप्रमाणे नोकरी केलेल्या माणसाला दहा नंबरचा पाना घेऊन स्वतःच्या अकलेने एक गोष्ट उघडता येते आणि क्वचित बंदही करता येते, याचं सुख काही निराळंच असणार. तो दहा नंबरचा पाना मात्र कधी सापडत नाही. बारा असतो, चौदा असतो, दहा नसतो.

पाना हरवला की अण्णा नाना पेठेत जातात. तसं निमित्त लागतच नाही म्हणा. सुट्या भागांच्या त्या दुकानांत ते काउंटरला कोपर टेकून उभे राहिले की त्यांच्या चेहऱ्यावर एरवी न दिसणारी शांतता येते. दुकानदार विचारतो, ‘कुठल्या सालची? ओरिजिनल देऊ की लोकल?’ अण्णा ओरिजिनलचा भाव विचारतात, लोकलचा विचारतात, उसासा टाकतात आणि ओरिजिनल दोन घेतात. एक बसवायला आणि एक ‘असू दे’. हे ‘असू दे’ घरी माळ्यावर जातं. गेल्या दिवाळीत वहिनी चकलीचा सोऱ्या शोधायला स्टुलावर चढल्या, तेव्हा त्यांना डिस्ट्रिब्युटरच्या तीन टोप्या, एक वॉटर पंप आणि गाडीचा मागचा एक अख्खा दिवा मिळाला. सोऱ्या मिळाला नाही. तो अण्णांनी ग्रीस भरायला नेला होता.

वहिनींबद्दल कोणाचा गैरसमज नको. त्या काही कपाळाला हात लावून बसलेल्या बायको नाहीत. त्या स्वतः झेन चालवतात आणि अण्णांपेक्षा बरी चालवतात, कारण त्या रस्त्याकडे बघतात. अण्णांचं सगळं लक्ष तापमानाच्या काट्याकडे. आवाज ओळखण्यात तर वहिनींचा हात धरणारा कोणी नाही. मिस्त्री बोनेटात डोकं घालून बसलेला असतो, आणि या खिडकीतून सांगतात, ‘हा परवाचा आवाज नाहीये, हा नवा आहे.’ मिस्त्री मुकाट्याने दुसरीकडे बघायला लागतो.

त्यांचं खरं शहाणपण मला खंबाटकीत कळलं. मे महिना, साताऱ्याला लग्न. अण्णा म्हणाले, ‘चार माणसं आहोत, एकाच गाडीने जाऊ.’ मी आणि आमची ही मागे बसलो, आहेराची पिशवी मांडीवर. वहिनी साधी सुती साडी नेसून पुढे. शालू पिशवीत. ‘मी साताऱ्यात बदलते,’ म्हणाल्या. मला तो साधेपणा वाटला. घाट सुरू झाल्यावर कळलं की तो अनुभव होता.

पायथ्याला अण्णांनी एसी बंद केला. घाटात एसी लावायचा नाही, हा नियम. पुढे मालट्रकांची रांग, गाडी पहिल्या गिअरात. काटा अर्ध्यावर आला. अण्णांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि ‘टक्’ असा आवाज झाला. तिथे घरातल्या पंख्याला असतं तसलं पांढरं बटण बसवलेलं आहे, रेडिएटरचा पंखा हाताने चालू करायला. काटा तरीही चढतोय. मग अण्णांनी हीटर लावला. पूर्ण.

ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या हीटरला स्वतःचा छोटा रेडिएटर असतो. हीटर लावला की इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं, तिथली उष्णता आत बसलेल्या माणसांवर सोडली जाते आणि इंजिन तेवढंच निवतं. झेनच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. ते जास्त तापलं तर वाकतं, गॅस्केट जातं आणि हजारोंना खड्डा पडतो. तेव्हा इंजिनाचं दुखणं सगळ्यांनी वाटून घ्यायचं. शास्त्र म्हणून हे बिनतोड आहे. मी मे महिन्यात, सिल्कचा झब्बा घालून, चारी काचा खाली करून, पायांवर गरम वाऱ्याचा झोत घेत या शास्त्राचा अभ्यास करत होतो. शेजारच्या ट्रकच्या क्लीनरने वरून आमच्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली खाली धरली. आम्ही ती घेतली. अण्णांनी ती मागून घेतली आणि रेडिएटरसाठी ठेवून दिली.

घाटमाथ्यावर काटा उतरला. ‘लाल रेषेला टेकला नाही!’ अण्णा म्हणाले. त्या दिवशी साताऱ्याच्या मांडवात नवरदेवाइतकाच खुललेला दुसरा चेहरा त्यांचा होता. वहिनी कोरडा ठणठणीत शालू नेसून पंगतीत. माझ्याकडे बघून मुलीच्या मामांनी विचारलं, ‘वाटेत पाऊस लागला का?’

अण्णांचं सध्याचं दुःख मात्र वेगळं आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं, आणि ही गाडी जन्मली तेव्हा तिच्या रबरी नळ्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. नळ्या फुगतात, कडक होतात, तडकतात. अण्णांनी सगळ्या बदलल्या, कार्बोरेटरचं किट बदललं, मायलेज पडलं ते वहीत लाल शाईने लिहिलं. पंचाईत अशी की अण्णांचे मेहुणे कोल्हापूरकडचे ऊसवाले. साखर कारखान्याने इथेनॉलला हात घातल्यापासून ते खुशीत आहेत. दिवाळीला आले की म्हणतात, ‘दाजी, तुमच्या गाडीत आमचाच ऊस जळतोय बघा.’ अण्णा काही बोलत नाहीत. जेवण झाल्यावर त्यांना बसस्टँडवर सोडायला झेन काढत नाहीत, एवढंच.

दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग. १ एप्रिल २०२२ ला पंधरा वर्षांवरच्या गाडीची फेरनोंदणी सहाशेवरून एकदम पाच हजारांवर गेली, वर पर्यावरण कर वेगळा. अण्णा त्याच्या आधीच्या पंधरवड्यात गाडी धुऊन घेतात, पायदानाचा सडलेला पत्रा कापून नवा जोडून घेतात आणि सकाळी लवकर, इंजिन थंड असताना रांगेत उभे राहतात. मागच्या खेपेला इन्स्पेक्टर तरुण होता. त्याने चेसिस नंबर पाहिला, हॉर्न वाजवून पाहिला, मग हळूच विचारलं, ‘चोक आहे का हिला?’ अण्णांनी चोक ओढून दाखवला. साहेबाने स्वतः एकदा ओढून पाहिला. त्याच्या वडिलांकडे म्हणे हीच होती. पासिंग झालं. रांगेतली मागची माणसं ताटकळली, पण त्याला इलाज नव्हता, दोघांचंही डोकं बोनेटात होतं.

आता एवढं वाचून कोणाला अशी गाडी घ्यायची हुक्की आली असेल तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. इंजिनाच्या आधी पत्रा बघा. इंजिन उतरवून बांधता येतं, सडलेला पत्रा कितीही जोडला तरी सडतच जातो. आरसीवरची मुदत बघा, नाहीतर पहिल्याच महिन्यात आरटीओत उभे राहाल. गाडी सकाळी, थंड असताना चालू करून मागा. मालकाने ती आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा पिऊन परत या. आणि गाडी बघायला जाताना अण्णांसारख्या जाणकाराला बरोबर नेऊ नका. तो तासभर गाडीखाली झोपेल, तिच्यात शंभर दोष काढेल, तुम्हाला ‘अजिबात घेऊ नका’ म्हणून सांगेल आणि संध्याकाळी जाऊन स्वतःच घेऊन येईल. आमच्या पार्किंगमध्ये आता दोन झेन आहेत.