डीएलओपन महोदयांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. डीएलओपन,
मुक्काम ग्लिबसी नामक सी-लायब्ररी

नाशिकच्या सी-प्रोग्रामरांकडून स.न.वि.वि.

चालू प्रोग्राम न थांबवता आणि पुन्हा कंपाइल न करता त्याला बाहेरून नवा भाग, म्हणजे प्लग-इन, जोडून देण्याची जी सेवा आपण सनओएसच्या काळापासून बजावत आहात, तिच्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करणे नाशिककरांना भागच आहे. रविवार कारंजावरच्या एखाद्या दुकानदाराने लिनक्सवरील, जीटीके-३ वर बांधलेल्या संपादकात मराठी पत्ता टंकित केला, तर त्या संपादकाला मराठी कळफलकाचे ज्ञान स्वतःचे असे काहीच नसते. आयबस ही कळांतून अक्षरे घडवणारी यंत्रणा वापरात असल्यास आयएम-आयबस हे प्लग-इन आपल्यामार्फत आत येते, दाबलेल्या कळा आयबसकडे पोहोचवते आणि तयार देवनागरी परत आणते.

आपले औदार्य मात्र अंमळ जास्तच आहे. फाइलच्या नावात तिरकी रेघ नसेल तर शेजारच्या, चालू फोल्डरमधल्या फाइलकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, इतके आपण शिस्तीचे. पण फाइल एकदा सापडली की तिच्यातली आरंभक फलने, म्हणजे लोड होताच आपोआप चालणारी फलने, यजमान प्रोग्रामला पहिला प्रश्न विचारण्याची संधी मिळण्याआधीच आपण चालवून मोकळे होता. त्यानंतर प्लग-इन यजमानाच्याच स्मृतीत, त्याच्याच अधिकारांनिशी वावरते, आणि ते कोसळले की यजमानही सोबत कोसळतो.

आपले बंधू डीएलसिम यांना फलनाचे नाव दिले की ते पत्ता देतात. त्या फलनाला दोन आर्ग्युमेंट हवीत की तीन, ही चौकशी ते करत नाहीत, कारण त्यांच्या हाती प्रकाराची माहितीच नसते. ते देतात तो व्हॉइड पॉइंटर फलनाचा पॉइंटर म्हणून वापरता येईल अशी हमी सी भाषेचे प्रमाणक देत नाही, ती पॉझिक्स देते, म्हणजे या घराण्याचा कारभार शेजाऱ्याच्या जामिनावर चालतो म्हणायचा! धाकटे बंधू डीएलक्लोज यांची तर वेगळीच तऱ्हा. सिंहस्थ आटोपला की तपोवनातले साधुग्राम उठते. ग्लिबसीत मात्र डीएलक्लोज आधी संदर्भांची संख्या एकाने कमी करतात आणि ती शून्यावर आली तरच प्लग-इन उठवण्याचा विचार होतो, तर मसल नावाच्या सी-लायब्ररीत ते काहीच करत नाहीत. जिथे प्लग-इन खरोखर उठते, तिथे यजमानाने जुना फलन-पत्ता जपून ठेवला असेल तर पुढची हाक रिकाम्या जागेत जाते.

तेव्हा विनंती एवढीच, की यजमानांनी आरटीएलडी-नाऊ हा ध्वज दिल्यास न सापडणारी फलने दारातच उघडी पाडण्याची आपली तत्परता अशीच टिकावी. आवृत्ती-क्रमांक आणि रचनेचा आकार प्लग-इनला आधी विचारण्याचे काम आपल्याकडून होणार नाही, ते यजमानांनीच करायचे आहे, हे पत्रलेखकांना मान्य आहे. उत्तर, चुकीचा निरोप सांगणाऱ्या डीएलएरर यांच्यामार्फत पाठवावे; ते एकाच वाचनात पुसले जाते, म्हणून पहिल्याच खेपेला उतरवून घेण्यात येईल.

कळावे,
नाशिकचे सी-प्रोग्रामर